वेळेवर उतरलेलं विमान

१

डॉक्टरांनी खोकं उघडलं, बंद केलं आणि पुन्हा उघडलं. नको असलेली गोष्ट माणूस अशीच दोनदा बघतो. तेवढ्यात ती बदलली असेल अशी आशा असते.

बदललं काहीच नव्हतं. आत दुर्मिळ गटाच्या रक्ताच्या चार पिशव्या होत्या आणि त्यांच्याभोवती बर्फाच्या जागी कोमट पाणी. रक्त तापलं की रंग बदलणारी एक पट्टी पिशवीवर चिकटवलेली असते. चारही पट्ट्या लाल झाल्या होत्या. असं रक्त माणसाला चढवता येत नाही.

पलीकडच्या खोलीत एक बाळंतीण होती. बाळ सुखरूप होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या गटाचं रक्त डोंगरावरच्या या गावात नव्हतं. खालच्या गावातल्या रक्तपेढीत होतं आणि तिथून ते दुपारच्या छोट्या विमानाने मागवलं होतं. विमान अगदी वेळेवर उतरलं. खोकं उतरलं, गाडीत बसलं, दवाखान्यात पोचलं. दिवस मावळायच्या आत बाळंतीण गेली.

तिच्या आईने विमान कंपनीला तक्रार लिहिली. ती पूर्ण वाचायला हिंमत लागत होती. त्यातली दोन वाक्यं अशी: "आम्ही जीव मुठीत धरून उभे असताना तुमच्या माणसांनी आधी सगळ्यांच्या बॅगा काढल्या आणि आमचं खोकं सगळ्यात शेवटी काढलं. माझ्या पोरीला कोणी मारलं, ते मला नावानिशी हवं आहे."

नाव लगेच मिळालं. खालच्या विमानतळाच्या मॅनेजरने कळवलं की सामान चढवणाऱ्या लोडरने खोकं बहुधा ढकलगाडीवर उन्हात विसरलं असावं. लोडरला घरी बसवलं गेलं. सोमवारी त्याच्यावर गुन्हा दाखल व्हायचा होता.

त्याआधी कागद पुरे करायला कंपनीने एक बाई पाठवली. कचेरीत तिला पाठीमागे 'वजाबाई' म्हणत. समोरच्याचं बोलणं ऐकायचं आणि त्यातून त्याची अब्रू, त्याची भीती आणि त्याचा साहेब वजा करायचा, अशी तिची रीत होती. बाकी उरलं तर ते खरं. बहुतेकांच्या बाबतीत बाकी शून्य येई.

२

"उशीर?" मॅनेजर हसला. त्याच्या केबिनला तिन्ही बाजूंनी काचा होत्या, त्यामुळे त्याला सगळे दिसत आणि तो सगळ्यांना दिसे. "बाई, आमचं विमान वेळेवर म्हणजे वेळेवर. लोक त्यावर घड्याळं लावतात."

"दोन गावांत अंतर किती?"

"फार नाही. कोणत्या वाटेने म्हणता?"

"वाटा किती आहेत?"

इथे शेजारी बसलेल्या, विमान चालवणाऱ्या कॅप्टनने तोंड उघडलं. गोरागोमटा, कडक इस्त्रीचा माणूस. विमानाबद्दल बोलताना तो स्वतःबद्दल बोलतोय असं वाटे.

"दोन. मध्ये डोंगराची रांग आहे. ढग असले की वळसा घालून बाहेरून जायचं. तो सव्वा तास आम्ही वेळापत्रकात धरलेला आहे. आणि स्वच्छ ऊन असलं की खिंडीतून सरळ. नकाशावर पट्टी ठेवा, तेच अंतर. अर्धा तास पुरतो."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी कडकडीत ऊन होतं. तरी मी सावकाश नेलं. उगाच लवकर जाऊन करायचं काय?"

माणूस उत्तरात एक शब्द जास्तीचा घालतो तेव्हा त्याने मनातल्या मनात आधीच एक प्रश्न ऐकलेला असतो. वजाबाईने 'तरी' हा शब्द बाजूला काढून ठेवला.

"मागच्या सामानाच्या कप्प्यात उष्णता असते का हो?"

"हवेत? छे!" कॅप्टन दुखावलाच. "वर गेलं की तिथे गारठा. माझी पाण्याची बाटली मी मुद्दाम तिथे ठेवतो. उतरल्यावर फ्रिजमधल्यासारखी लागते."

तिने रक्तपेढीला फोन लावला. तिथली मुलगी रडवेली झाली होती. तिने विमानाचं अंतर मोबाइलवर बघितलं होतं. तिथे अर्धा तास लिहिला होता. चढवण्या-उतरवण्याचा वेळ त्यात मिळवून तिने तेवढा बर्फ घातला. खोकं लहान होतं, जास्त मावत नव्हता.

"मॅडम, मी हिशेबाने घातला होता. माझंच चुकलं का?"

"सव्वा तासाचा घालायला हवा होता."

"पण अंतर तर..."

"अंतर जो तो आपल्या सोयीचं सांगतो, पोरी. तुझी बदली होईल, फाशी नाही. फोन ठेव."

प्रवाशांपैकी दोघांना तिने गाठलं होतं. दोघांचं उत्तर एकच: "उशीर? नाही बुवा. वेळेवर पोचलो."

तो एक 'तरी' सोडला तर सगळेच खरं बोलत होते. इतकी खरी माणसं एका जागी जमली की वजाबाईला झोप लागत नसे.

३

लोडरला गावात 'काडीपैलवान' म्हणत. अंगाने काडी, पण दोन बॅगा दोन काखांत घेऊन शिडी चढायचा. घरी बसून बसून त्याचे खांदे उतरले होते. दारात बायको उभी होती, पाहुणीला आत घ्यावं की हाकलावं या विचारात.

"खोकं ढकलगाडीवर राहिलं म्हणतात," वजाबाई म्हणाली.

"म्हणणाऱ्याच्या तोंडाला हात कोण लावणार?"

"मग राहिलं नाही?"

"बाई, आमच्याकडे ढकलगाडी एकच. खोकं तिच्यावर राहिलं असतं तर बॅगा काय मी डोक्यावरनं नेल्या? आमची पद्धत आहे. नाजूक, महत्त्वाचं सामान आधी चढवायचं. म्हणजे विसरायला नको. ते खोकं मी सगळ्यांत आधी, आतल्या अंगाला, भिंतीला टेकवून लावलं. मग बॅगा. मग दार बंद."

"आणि मग विमान सुटलं."

बायकोने काडीपैलवानाकडे बघितलं.

"सांगून टाका की," ती म्हणाली.

"तू गप."

"तुम्ही गप बसा आणि मी पोरं घेऊन तुमच्यासाठी तुरुंगाच्या दारात उभी राहते. छान दिसेल."

"साहेब म्हणालेत," तो खाली बघत म्हणाला, "तोंड उघडलं तर कंपनी हा विमानतळच बंद करेल. मग सगळ्यांच्या चुली विझतील, माझी एकट्याची नाही." आणि मग, "पुढचं तुम्ही साहेबांना विचारा. मी फक्त चढवलं. नीट चढवलं."

बायकोने दार लावून घेतलं. राग पाहुणीवर होता की नवऱ्यावर, ते कळलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी वजाबाई त्याच विमानाने वर निघाली. ऊन असं की धावपट्टी डोळ्यांना टोचत होती. नवा लोडर आला होता. त्याने आधी एका फोटोवाल्याचा कॅमेरा चढवला, मग बॅगा, आणि दार लावून सावलीत जाऊन बसला. प्रवासी पंख्याखाली चहा पीत होते. तिनेही घेतला.

सुटायची वेळ झाली आणि गेली. कोणी हललं नाही.

"काय झालं?" तिने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"कुठे काय?"

"विमान सुटलं नाही."

"दाताचे डॉक्टर यायचेत. त्यांचा पेशंट संपला की येतील." म्हातारा तिला धीर देत म्हणाला, "आज खिंड मोकळी आहे हो. काळजी नका करू."

तिने पुन्हा काही विचारलं नाही. मॅनेजर काचेमागून सगळ्यांकडे बघून हसत होता. चौकशीवाली बाई समोर बसली आहे याचं त्याला काहीच वाटत नव्हतं, कारण थांबणं इतकं रोजचं झालं होतं की आपण काही करतोय हेच त्याच्या लक्षात येत नव्हतं. चोर पाहुणा बघून हात आवरतो, पण सवयीला तेवढं भान नसतं.

दाताचे डॉक्टर धापा टाकत आले, सगळ्यांना नमस्कार करत बसले. विमान उडालं, खिंडीतून सरळ गेलं आणि ठरल्या वेळेला वरच्या विमानतळावर टेकलं.

"बघा," म्हातारा म्हणाला, "वेळेवर."

ती उतरली आणि सरळ मागच्या कप्प्याकडे गेली. बॅगा निघाल्या. शेवटी कॅमेऱ्याची पेटी निघाली. फोटोवाल्याने उघडली. आतली वितळून पुन्हा थिजलेली चॉकलेटची पुडी चुरगळत तो कुरकुरला, "दर वेळी असंच. चढवतात तेव्हा भट्टीत घातल्यासारखं होतं. हवेत पुन्हा गार पडतं ते निराळं. पण एकदा बिघडलेलं थोडंच सुधारतं?"

वजाबाईने धावपट्टीच्या कडेला उभं राहून डोळे मिटले. गणित सुटलं होतं. मात्र कोणासाठी, ते अजून सुटलं नव्हतं.

५

तिला न्यायला मेलेल्या मुलीचा भाऊ गाडी घेऊन आला होता. त्या दिवशी तोही त्याच विमानात होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.

"आई घरी वाट बघतेय," तो म्हणाला. "त्या लोडरला किती वर्षं होतील, तेवढंच विचारते सारखी."

"गाडी सुरू करू नका," वजाबाई म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही विमानतळावर किती वाजता पोचलात?"

"वेळेवर."

"कोणत्या?"

"विमान सुटायच्या आधी."

"ते खरंच आहे. तुम्ही पोचल्याशिवाय ते सुटणार नव्हतं."

त्याचे हात स्टिअरिंगवर होते. ते तिथेच राहिले.

"ऐका," ती म्हणाली. आवाज मऊ होता, आणि तेच वाईट होतं. "तुमच्या आईंनीच लिहिलंय, खोकं सगळ्यात शेवटी निघालं. जे शेवटी निघतं ते आधी चढलेलं असतं. म्हणजे ते बाहेर उन्हात राहिलं नाही, विमानातच होतं. हवेत कप्पा गार असतो, कॅप्टनच सांगतो. म्हणजे रक्त तापलं ते जमिनीवर, बंद दाराआड. थोड्या वेळात तापत नाही. विमान बराच वेळ उन्हात उभं होतं. तरी वेळेवर उतरलं, कारण वेळापत्रक लांबच्या वाटेचं आणि विमान जवळच्या वाटेने गेलं. सावकाश नेलं म्हणतो कॅप्टन, ते खोटं. इथे उशीर मोजतात तो उतरताना. सुटताना कोणी मोजतच नाही. ज्या उन्हामुळे खिंड मोकळी होती, त्याच उन्हात ते खोकं शिजत होतं. माणसं तेवढी पंख्याखाली होती."

"रस्त्यात ट्रक उलटला होता," भाऊ म्हणाला. त्याला वाटलं आपण ओरडून बोललो, पण जेमतेम ऐकू आलं. "मी पळतच आलो शेवटी."

"म्हणून मॅनेजरने थांबवलं. पण तुम्ही दाताचे डॉक्टर नाही. तुम्हाला तो ओळखतही नाही. तुमच्यासाठी थांबवा, असं त्याला कोणी सांगितलं?"

तो रडला नाही. त्याने डोकं स्टिअरिंगला टेकवलं.

"मॅनेजर दारातच म्हणाला मला, 'तुमच्या आईंचा फोन आला म्हणून थांबवलंय, पळा आता.' आई इथे ताईच्या उशाशी होती. ताई सारखी 'तो आला का' विचारत होती. आईला वाटलं, मी आलो की ती धीर धरेल. या विमानाने ती कैकदा गेलीय. तिला माहीत होतं, ऊन असलं की थांबवलं तरी चालतं."

"आणि तुम्ही आल्यावर आईंना सांगितलंत, माझ्यासाठी थांबवावं लागलं नाही. नाहीतर त्यांनी नाव मागितलंच नसतं."

"खोकं तेव्हा उघडलं नव्हतं हो! नुसतं सांगितलं. तिला ओशाळं वाटू नये म्हणून. आणि मग उघडलं... मग कसं सांगायचं?"

६

"लोडर सुटू दे," भाऊ म्हणाला. गाडी अजून तिथेच उभी होती. "मॅनेजरचं नाव घाला. त्यानेच थांबवलं ना? त्याला माहीत होतं आत रक्त आहे. फोनचं कशाला लिहिता?"

"मी नाही लिहिलं तर मॅनेजर बोलेल. स्वतःच्या मानेवर आलं की माणूस पहिला दुसऱ्याचा फोन आठवतो. आज नाही तर तारखेला, भरल्या कोर्टात. त्यापेक्षा तुमच्या तोंडून, घरात, दार लावून."

"मी नाही सांगू शकत."

"मग माझ्या तोंडून. तुम्ही फक्त जवळ बसा."

"तुम्हाला मूल आहे का?" त्याने रागाने विचारलं.

वजाबाईने खिडकीबाहेर बघितलं. "चला," ती म्हणाली.

७

जावयाचं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत दोरीवर लंगोट वाळत होते. आई चटईवर बसली होती, पाठ ताठ, पदर नीट. जावई भिंतीला टेकून उभा होता. बायको गेल्यापासून तो असा कशाला ना कशाला टेकूनच उभा असे.

"बसा," आई म्हणाली. "नाव आणलंत?"

"मावशी, लोडरने खोकं उन्हात ठेवलं नव्हतं. त्याने नीट चढवलं. विमान सुटायला उशीर झाला."

"विमान तर वेळेवर आलं. मी स्वतः विमानतळावर उभी होते."

"वेळेवर आलं. सुटलं उशिरा. त्या दिवशी खिंड मोकळी होती म्हणून भरून निघालं. मॅनेजरने थांबवून धरलं होतं."

"मेल्याला कळत नव्हतं, आत काय आहे ते?"

"कळत होतं. लोडरने त्याला विचारलंही असेल, काढून सावलीत ठेवू का म्हणून. तो म्हणत राहिला असेल, आता निघतोच आहोत."

"कोणासाठी थांबवलं?" आईचा आवाज धारदार झाला. "कोण एवढा मोठा लागून गेला होता? माझी पोर इथे रक्तात पडलेली आणि..."

ती मध्येच थांबली. मुलगा चटईच्या विणीकडे बघत होता.

आईने मुलाकडे बघितलं, मग पाहुणीकडे, मग पुन्हा मुलाकडे. एका एका चेहऱ्यावरून ती काही वेचत जात होती आणि वेचलेलं तिला ठेवायला जागा नव्हती.

"तू म्हणालास, वेळेत पोचलो."

"आई..."

"तू म्हणालास, थांबवावं लागलं नाही."

"आई, अगं, माझ्यामुळे झालं. मीच लवकर निघायला हवं होतं."

"मी सहज म्हटलं होतं," आई म्हणाली. ती आता कोणाशीच बोलत नव्हती. "ते हसले फोनवर. म्हणाले, बघतो मावशी. बघतो, एवढंच म्हणाले. मला वाटलं, त्यांच्या लक्षात राहिलंच नसेल." मग तिने मान वर केली. "थांबवलं नसतं तर?"

मुलाने वजाबाईकडे बघितलं. त्या नजरेत इतकी याचना होती की दगडानेही खोटं बोलावं.

"डॉक्टर काय म्हणाले? खरं सांगा," आई म्हणाली.

"रक्त चांगलं असतं तर वाचवता आली असती, म्हणाले."

जावई भिंतीवरून घसरत खाली बसला. त्याने सासूकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"लोडरचं नाव तक्रारीतून काढा," आई म्हणाली. "त्याला माझ्या तर्फे... नको. काही सांगू नका."

"नाव काढलं."

"मॅनेजरला काय होईल?"

"नोकरी जाईल. खटलाही होईल."

"आणि मला?"

"तुम्हाला काही नाही, मावशी."

"काही नाही कसं?"

"फोन करणं हा गुन्हा नाही. तसं कलम नाही."

"नीट बघा," आई म्हणाली. नाकारलेला अर्ज घेऊन खिडकीशी परत आलेल्या माणसासारखी ती बोलत होती. "काहीतरी असेलच. एवढी मोठी पुस्तकं असतात तुमची. एखादं असेल."

वजाबाईने मांडीवरचे कागद उलटे केले, सुलटे केले. आयुष्यभर ती इतरांच्या बोलण्यातून एकेक गोष्ट कमी करत आली होती. इथे काय कमी करावं ते तिला समजेना.

"नाही, मावशी."

आतल्या खोलीत बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. आई सवयीने उठली. दोन पावलं गेली आणि उंबऱ्याशी थांबली. पुढे केलेले हात तिने मागे घेतले.

"तू जा," ती मुलाला म्हणाली.

"माझ्याकडे राहत नाही ते. तुझ्याकडेच राहतं."

"तू जा म्हटलं ना."

तो आत गेला. त्याचं अडखळत अडखळत गुणगुणणं ऐकू येऊ लागलं, आणि त्यावर चढत जाणारं रडं. आई उंबऱ्याशीच खाली बसली, पाठ आतल्या खोलीकडे करून. जावयाने डोळे मिटून घेतले. वजाबाई निघायचं म्हणून उठली, पण चपला पायात सरकवूनही तिला दाराबाहेर पडता येईना, आणि बाळ कोणाच्याच खांद्यावर गप्प होत नव्हतं.